‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणजे वारस नव्हे

हॉस्पिटलचा ॲडमिशन फॉर्म असो, कंपनीत रुजू होतानाचे कागद असोत की ट्रेकला नेणाऱ्या संस्थेचे हमीपत्र, ‘नेक्स्ट ऑफ किन’चा, म्हणजे जवळच्या नातेवाइकाचा, रकाना हमखास असतो. नाव, नाते, मोबाइल नंबर. बहुतेक जण तो घाईत भरतात. पुढे घरात कोणी गेले की तोच कागद पुढे करून ‘दादांनी माझं नाव लिहिलं होतं’ असा दावा होतो. त्या रकान्याने मालमत्तेतला एक रुपयाही कोणाचा होत नाही.

या रकान्याचे काम एवढेच, की काही झाले तर आधी कोणाला कळवायचे आणि रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल तर कोणाशी बोलायचे. त्यामुळे तिथे जवळ राहणारा, फोन उचलणारा माणूस लिहावा. मुलगा अमेरिकेत आणि धाकटा भाऊ त्याच सोसायटीत असेल तर भावाचे नाव लिहिणेच शहाणपणाचे. त्याने मुलाचा हक्क कमी होत नाही आणि भावाला हिस्साही मिळत नाही. सज्ञान रुग्ण शुद्धीवर असेल तर उपचाराला संमती त्याची स्वतःची लागते. नातेवाइकाची सही तिची जागा घेऊ शकत नाही.

मुले इंग्लंडमध्ये असतील तर त्यांनीही हे लक्षात ठेवावे. तिथेही ‘नेक्स्ट ऑफ किन’ला सहसा निर्णयाचा कायदेशीर अधिकार नसतो. आपण असमर्थ झाल्यावर आपल्या वतीने कोणी ठरवावे असे वाटत असेल, तर त्याच्या नावे ‘लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी’ हे अधिकारपत्र आधीच करून नोंदवावे लागते.

वारस कोण, हे फॉर्म ठरवत नाही. मृत्युपत्र असेल तर ते ठरवते, नसेल तर त्या व्यक्तीला लागू असलेला वारसा कायदा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी यांचे नियम वेगळे. गोव्यात तर मृत्युपत्र असले तरी मुलांसाठी राखीव भाग असतो, तो सहजासहजी डावलता येत नाही.

हिंदू कायद्यातला हिशेब एकदा नीट पाहू. एक गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. मागे पत्नी, मुलगा, विवाहित मुलगी, आई आणि वडील. स्वतःच्या कमाईची मालमत्ता साठ लाखांची. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे वर्ग एकचे वारस, म्हणून प्रत्येकी पंधरा लाख. वडिलांना काहीही नाही! आई वर्ग एकमध्ये आणि वडील वर्ग दोनमध्ये आहेत. वर्ग एकमधले कोणी हयात असेपर्यंत वर्ग दोनला पाळी येत नाही. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा घटत नाही. फ्लॅट पती-पत्नीच्या नावे निम्मा-निम्मा असेल तर वाटणी फक्त पतीच्या अर्ध्या भागाची होते.

स्त्रीच्या बाबतीत हा कायदा आणखी धक्का देतो. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅटही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, म्हणजे सासू, आणि ती नसेल तर पुढच्या क्रमाने सासरे, मग दीर-नणंदा. तिचे स्वतःचे आई-वडील त्यानंतर येतात. माहेरून वारशाने आलेली मालमत्ता मात्र, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. हा नियम अन्यायकारक आहे. तो बदलेपर्यंत अशा प्रत्येक स्त्रीने मृत्युपत्र करावेच.

‘नेक्स्ट ऑफ किन’ आणि वारस या दोघांच्या मध्ये नॉमिनी येतो आणि गोंधळ वाढवतो. बँक किंवा सोसायटी नॉमिनीला पैसे वा शेअर सर्टिफिकेट देऊन आपली जबाबदारी संपवते. मालकी सहसा वारसांचीच राहते. कंपन्यांच्या शेअर्सच्या नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांचे स्थान अधिक भक्कम झाले आहे.

अवयवदानात ‘जवळचे नातेवाईक’ ही तिसरीच यादी लागते: जोडीदार, मुले, आई-वडील, सख्खी भावंडे, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडे. आपल्याकडे चुलतभाऊ आणि मामेभाऊही भाऊच. पण ते या यादीत नाहीत, सून-जावईही नाहीत. त्यांच्यापैकी कोणी मूत्रपिंड देणार असेल तर प्राधिकार समितीची परवानगी काढावी लागते, आणि तिला वेळ लागतो. म्हणून दाता ठरताच हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण समन्वयकाशी बोलावे.

वारस म्हणून काम करून घ्यायचे तर कागदही कामाप्रमाणे वेगळे. सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन वारस नोंदीचा अर्ज. तो तीन महिन्यांत करावा. नॉमिनी नसलेल्या मोठ्या ठेवी किंवा शेअर्ससाठी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र. घर-जमिनीसाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून मिळणारा वारस दाखला. उत्तराधिकार प्रमाणपत्र घेऊन फ्लॅट नावावर करायला गेलेले अनेक जण हात हलवत परत येतात, कारण ते येणे रकमा आणि रोख्यांपुरतेच असते. अर्जात एखादी बहीण ‘तिला काही नको आहे’ म्हणून वगळली, की नोंद पुढे वादात अडकते. तिला नको असेल तर नाव लावून नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला हिस्सा मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मूळ प्रत कुठे आहे, हे निदान त्या ‘नेक्स्ट ऑफ किन’ला सांगून ठेवावे.