कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर पॉवर बटणावरचा हात आधी काढा

दुरुस्तीला आलेलं मशीन टेबलावर ठेवता ठेवता बहुतेक ग्राहक एकच वाक्य बोलतात, "काल रात्रीपासून पंधरा-वीस वेळा चालू-बंद करून पाहिलं, काहीच उपयोग नाही." हे पत्रक त्या वाक्यामुळे लिहिलं आहे. मूळ बिघाड पुष्कळदा किरकोळ असतो. त्यानंतरच्या पंधरा-वीस प्रयत्नांत जे बिघडतं ते निस्तरायला मात्र आम्हाला जास्त वेळ लागतो आणि तुमचं काम तितके दिवस अडून राहतं.

"चालूच होत नाही" या तक्रारीत तीन वेगळी दुखणी दडलेली असतात. बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही, अगदी सामसूम, हे पहिलं. दुसऱ्यात पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. तिसऱ्यात कंपनीचा लोगो दिसतो आणि पुढे गाडी अडकते: गोल फिरत राहतो, निळा (नव्या विंडोज 11 मध्ये काळा) एररचा पडदा येतो, नाहीतर बूट करायला, म्हणजे विंडोज सुरू करायला, डिस्कच सापडत नाही असा संदेश येतो. पहिलं दुखणं विजेचं असतं. दुसरं बहुतेक वेळा रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटरचं असतं आणि तिसरं डिस्कचं किंवा विंडोजचं. फोनवर आम्ही सगळ्यात आधी "पंखा फिरतोय का? पडद्यावर काही दिसतंय का?" असं विचारतो ते यासाठीच. या दोन उत्तरांवर अर्धं निदान होतं.

आता त्या चालू-बंदबद्दल. बटण साधारण चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं. विंडोजला उघड्या फाइल्स नीट बंद करून घ्यायला वेळच मिळत नाही. मशीन पूर्ण गोठलं असेल तर असं एकदा करायला हरकत नाही. तेच पुन्हा पुन्हा केलं की काय होतं ते समजून घ्या.

समजा जुन्या पद्धतीची, फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क खराब व्हायला लागली आहे. तिच्यात वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. चकतीवर ओरखडा पडला असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना हेड त्याच जागेवरून पुन्हा फिरतं आणि जखम वाढते. आतून 'टक्-टक्' असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर तो डिस्कचा शेवटचा इशारा समजा. पहिल्या टक्-टकला मशीन बंद करून आणलं तर फोटो, हिशेब, कागदपत्रं परत मिळण्याची आशा चांगली असते. रात्रभर प्रयत्न केलेली डिस्क सकाळी आमच्याकडे आली की ती आशा फार कमी उरलेली असते. आमच्या कामात सगळ्यात वाईट वाटतं ते ग्राहकाला हे सांगताना.

दुसरी गोष्ट अपडेटची. विंडोजचं मोठं अपडेट बसत असताना पडदा बराच वेळ एकाच टक्क्यावर थांबलेला दिसतो. आत फाइल्स बदलण्याचं काम चालूच असतं. आकडा हलत नाही म्हणून कोणी बटण दाबून ठेवतं आणि अर्धं जुनं, अर्धं नवं असं विंडोज तयार होतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर तास-दीड तास थांबायची तयारी ठेवा आणि लॅपटॉप चार्जरवर असू द्या. बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट चालू असेल तर काहीही झालं तरी बटणाला हात लावू नका. ते मध्येच तुटलं तर मदरबोर्ड पुढे लोगोसुद्धा दाखवेनासा होऊ शकतो.

तिसरी गोष्ट नव्या मशीनची आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. डीडीआर5 रॅम असलेल्या मशीनमध्ये रॅम नवी बसवली किंवा बायोसच्या सेटिंग पुसल्या गेल्या की पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड त्या रॅमची जुळणी करून घेतो. तेवढा वेळ पडदा काळा असतो, कधी कधी काही मिनिटं. "डिस्प्ले येत नाही" म्हणून ग्राहक बंद करतात, जुळणी पहिल्यापासून सुरू होते आणि तेच चक्र चालू राहतं. बिघाड काहीच नसलेली अशी मशीनसुद्धा आमच्याकडे येतात.

शिवाय विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होताना फसलं की पुढच्या वेळी ते स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडतं. म्हणजे सुरुवातीला दिसलेला खरा संदेश गेला आणि त्या जागी दुसराच पडदा आला. ग्राहक आम्हाला या दुसऱ्या पडद्याचं वर्णन सांगतात आणि आमचा शोध चुकीच्या टोकापासून सुरू होतो. म्हणून पहिल्यांदा अडलं की मोबाइलने पडद्याचा फोटो काढा, एररच्या पडद्यावर खाली असलेल्या कोडसकट, आणि मगच बंद करा. त्या एका फोटोने आमचा निम्मा दिवस वाचतो.

मग घरी काही करूच नये का? करा की. पण कोणतं दुखणं आहे ते ओळखून करा.

सामसूम असेल तर वायर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि डेस्कटॉपच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, असलेलं छोटं बटण बघा. साफसफाई करताना ते दाबलं गेलेलं असतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर आणि इतर सगळ्या वायरी काढा, पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून पंधरा मिनिटं थांबा आणि बटण एकदाच दाबा. मशीन आधीच निर्जीव असल्याने इथे बटण दाबून धरण्यात डेटाला धोका नाही. टाइप-सी चार्जिंगचा लॅपटॉप मोबाइलच्या चार्जरवर लावून "चार्ज होत नाही" म्हणणारेही बरेच भेटतात. त्या चार्जरची ताकद लॅपटॉपला पुरत नाही. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर मात्र काही करून पाहू नका. दाबू नका, चार्ज करू नका, तसाच घेऊन या. एसएमपीएसचा डबाही घरी उघडू नका. वायर काढल्यावरसुद्धा त्याच्या आत धोकादायक वीज साठलेली राहते.

पंखा फिरतो पण पडदा काळा असेल तर आधी मॉनिटरची वायर बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये वायर कार्डाच्या जागी मदरबोर्डच्या सॉकेटात लागलेली असणं ही नेहमीची चूक आहे. कॅबिनेट हलवलं असेल, साफ केलं असेल, तर रॅम सैल झालेली असू शकते. कॅबिनेट उघडायची सवय असलेल्यांनी वीज पूर्ण काढून, कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावून रॅम बाहेर काढावी, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, रबराचा चुरा झटकावा आणि दोन्ही टोकांना 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवावी. सवय नसेल तर राहू द्या, आमचं ते पाच मिनिटांचं काम आहे. मशीन बीप देत असेल तर किती लांब आणि किती आखूड ते मोजून सांगा. बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बीपचा अर्थ बदलतो, म्हणून इंटरनेटवर सापडलेला कोणताही तक्ता तुमच्या मशीनला लागू पडेलच असं नाही.

बूट करायला डिस्क नाही असा संदेश आला तर मशीनला लावलेले पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क सगळं काढा आणि एकदा रीस्टार्ट करा. मशीन त्या पेन ड्राइव्हवर विंडोज शोधत बसलेलं असतं. दर वेळी तारीख-वेळ चुकत असेल किंवा सुरू होताना एफ1 दाबायला सांगत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 हा 3 व्होल्टचा नाण्याएवढा सेल बहुधा संपत आलेला असतो. तो बदलला की काम झालं. ज्या ग्राहकाला यासाठी नवा मदरबोर्ड सुचवला जातो त्याने सेल बदलून बघण्याचा आग्रह जरूर धरावा.

विंडोजचा दुरुस्तीचा पडदा आला तर स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून बघायला हरकत नाही, डिस्क आवाज करत नसेल तर. पण 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय आमच्याशी बोलल्याशिवाय निवडू नका. 'माझ्या फाइल्स ठेवा' असं निवडलं तरी बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेला डेटा त्यांच्याबरोबर जाऊ शकतो. एसएसडीवरून (फिरत्या चकत्या नसलेल्या नव्या पद्धतीच्या डिस्कवरून) पुसलेलं तर बहुधा परत मिळत नाही, कारण मोकळी झालेली जागा ती डिस्क स्वतःच आतून साफ करून टाकते.

आता एक काम जे आज, मशीन धडधाकट असताना करायचं आहे. विंडोज 11 असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. रोज काही जाणवत नाही. पण बायोसमध्ये बदल झाला किंवा मदरबोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर आम्ही काय, कोणीच आतला डेटा उघडू शकत नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पडली. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच भागांसह सुरू करून, एक फाइल काढून टाकायची. तरीही अनेक ठिकाणी काम खोळंबलं, कारण कुलूपबंद डिस्कच्या की हाताशी नव्हत्या. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की बघा, कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता दुसरीकडे ठेवा. खातं कोणत्या ईमेलने उघडलं होतं हेच आठवत नसेल तर मशीन चालू असतानाच आमच्याकडे या. की शोधून लिहून द्यायला आम्ही मदत करतो, दुरुस्तीचं काम नसलं तरी.

काही ग्राहक आमच्यावर नाराज होतात, तेही मोकळेपणाने बोलायला हवं. "फॉरमॅट मारून द्या, तासाभरात होईल," असं ते म्हणतात आणि आम्ही मशीन ठेवून घेतो. कारण आमचा क्रम ठरलेला आहे. आधी डिस्कची तब्येत तपासायची, मग डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि त्यानंतरच विंडोजला हात लावायचा. प्रत काढायला वेळ लागतो, आजारी डिस्कवर तर फारच. पण बिघडलेल्या डिस्कवर नवं विंडोज टाकलं तर महिन्याभरात तेच मशीन पुन्हा आमच्या टेबलावर येतं आणि तेव्हा आतलं काही वाचलेलं नसतं. घाई असेल तर मशीन देतानाच सांगा, कोणत्या फोल्डरची आधी गरज आहे ते लिहून द्या. ते आम्ही सगळ्यात आधी काढून देतो. बदललेला प्रत्येक जुना भाग तुमच्या हातात परत देतो. तो मागून घेण्याचा संकोच करू नका.

बिघाड टाळण्यासाठी फार काही लागत नाही. डेस्कटॉपला यूपीएस असू द्या आणि त्याच्या बॅटरीकडे अधूनमधून लक्ष द्या. वीज गेल्यावर यूपीएस दोन मिनिटंसुद्धा तग धरत नसेल तर तो असून नसल्यासारखा आहे. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला भाग डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. त्यामुळे जुन्या गडबडी तशाच पुढे येत राहतात. रीस्टार्टने पाटी खरोखर कोरी होते. धूळ काढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. अजून विंडोज 10 वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. मशीन विंडोज 11 ला चालेल की नाही ते तपासून घ्या. आणि जे हरवलं तर रडू येईल त्याची दुसरी प्रत आजच काढा. बाहेरची डिस्क चालेल, क्लाउड चालेल, पण प्रत निघाली की ती डिस्क मशीनपासून वेगळी काढून ठेवा. वर्षातून दोनदा सफाई, डिस्कची तपासणी आणि आपोआप प्रत निघण्याची सोय हे सगळं आम्ही देखभालीच्या करारात करतो. करारातल्या ग्राहकांची डिस्क आम्ही बहुतेक वेळा टक्-टक् सुरू होण्याआधीच बदलतो.

मशीन आणताना डेस्कटॉपचा फक्त डबा आणा. मॉनिटर, कीबोर्ड, वायरी घरीच ठेवा, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायरही द्या. लॅपटॉपबरोबर त्याचाच चार्जर हवा, शेजारच्याचा नको. लॉगिनचा पासवर्ड एका चिठ्ठीवर, शेवटचं काय केलं होतं तेही त्याच चिठ्ठीवर: अपडेट, नवा प्रिंटर, पडलं, पाणी सांडलं, जे असेल ते. पाणी सांडलेलं सांगितल्याने कोणी रागावणार नाही. न सांगता आणलेलं ओलं मशीन आम्ही चालू करून पाहतो आणि जे वाचलं असतं ते त्या क्षणी जळून जातं.