ड्रायव्हर कॉन्फिगर करताना एवढे प्रश्न कशाला विचारतात? जरा मागची गोष्ट

आरएसलिंक्स, म्हणजे कॉम्प्युटरला ऍलन-ब्रॅडलीच्या पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) जोडणारं सॉफ्टवेअर, उघडायचं, कॉन्फिगर ड्रायव्हर्समध्ये जायचं, डीएफ1 चा (सिरीयल केबलवरच्या प्रोटोकॉलचा) ड्रायव्हर घ्यायचा की लगेच प्रश्न सुरू. कॉम पोर्ट कोणता, समोर डिव्हाइस कोणतं, बॉड रेट किती, पॅरिटी काय, एरर चेकिंग बीसीसी की सीआरसी, स्टेशन नंबर किती. नवीन मुलं ऑटो-कॉन्फिगरचं बटण दाबतात, सक्सेसफुल आलं की पुढे जातात आणि त्यात काही गैर नाही. पण एकाच प्लांटमधले तीन पिढ्यांचे कंट्रोलर एकमेकांना जोडायची वेळ आली की ते बटण कामाला येत नाही, तिथे कुठल्या रकान्यात काय भरायचं ते आपल्यालाच कळावं लागतं. माझं ठाम मत आहे की हे मॅन्युअल पाठ करून कळत नाही, हे रकाने मुळात का आले ते समजलं तर बाकीचं आपोआप समजत जातं.

सुरुवातीला पीएलसीला कोणाशी बोलायचंच नव्हतं. 1968 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेने भरलेली पॅनल नको झाली होती, कारण मॉडेल बदललं की सगळं वायरिंग परत करायचं. त्यातून डिक मॉर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्सच्या मंडळींनी मॉडिकॉन 084 बनवला, हा त्यांचा 84 वा प्रोजेक्ट म्हणून नाव 084. तो रिलेच्या जागी बसला, आणि पुढची बरीच वर्षं प्रत्येक पीएलसी आपापल्या मशीनपुरतं बघत होता.

मग 1979 मध्ये मॉडिकॉनने मॉडबस हा पीएलसीशी बोलायचा प्रोटोकॉल आणला. यात एक मास्टर विचारणार, स्लेव्ह उत्तर देणार, स्लेव्हने स्वतःहून काही बोलायचं नाही. म्हणून आजही मॉडबसचा ड्रायव्हर तुम्हाला स्लेव्ह आयडी विचारतो (1 ते 247) आणि टाईमआउट विचारतो, कारण उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं हे मास्टरशिवाय ठरवणार कोण. 40001 चा घोळ पण तिथलाच. मॉडिकॉनच्या प्रोग्रामिंगमध्ये होल्डिंग रजिस्टरचा (व्हॅल्यू ठेवायच्या जागेचा) नंबर 40001 पासून सुरू व्हायचा पण वायरवरून जाताना तोच पत्ता शून्य म्हणून जातो, त्यामुळे कोणाच्या मॅपमध्ये शून्यापासून आणि कोणाच्या मॅपमध्ये एकपासून मोजलेलं असतं, आणि एका घराने सरकलेली व्हॅल्यू बघत लोक अख्खी दुपार घालवतात. एका रिक्वेस्टमध्ये 125 च रजिस्टर वाचता येतात कारण अख्खी फ्रेम 256 बाइटच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलेलं. आणि 32 बिटचा फ्लोट (दशांश आकडा) कसा पाठवायचा हे मूळ प्रोटोकॉलमध्ये नव्हतंच, रजिस्टर 16 बिटचं, मग प्रत्येक कंपनीने दोन रजिस्टर आपल्या मर्जीने जोडली, म्हणून ड्रायव्हरमध्ये वर्ड स्वॅपचा, म्हणजे त्या दोन रजिस्टरची अदलाबदल करायचा, चेकबॉक्स. फ्लो मीटरवर 50 दिसतंय आणि स्काडावर (सगळ्या मशीनचे आकडे एका स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) भलताच आकडा येतोय तर आधी तिथे बघायचं.

ऍलन-ब्रॅडलीचा विचार वेगळा होता. त्यांची डेटा हायवे आणि नंतर ऐंशीच्या दशकात पीएलसी-5 बरोबर पसरलेली डेटा हायवे प्लस, म्हणजे आपली डीएच प्लस, यात कायमचा मास्टर कोणी नाही. टोकन फिरतं, ज्याच्याकडे टोकन तो बोलतो, कोणीही कोणालाही मेसेज पाठवू शकतो. त्यामुळे इथे ड्रायव्हर जो स्टेशन नंबर विचारतो तो समोरच्याचा नसतो, तुमच्या कॉम्प्युटरचा असतो! तुम्ही त्या नेटवर्कवरचे एक नोड होता, आणि तुमचा नंबर दुसऱ्या कोणाच्या नंबरशी भिडला की चालू नेटवर्क बिघडतं. हे मॉडबसवाल्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. त्यात हा नंबर ऑक्टलमध्ये, 0 ते 77, म्हणजे 64 जागा आणि त्यात 8 आणि 9 हे अंक नाहीतच. पीएलसी-5 चे आयओचे (इनपुट-आउटपुटचे) पत्तेही ऑक्टलच, 7 नंतर थेट 10, त्यामुळे त्या काळच्या लोकांना यात काही वेगळं वाटायचं नाही.

डीएच प्लसच्या केबलबद्दल पण सांगतो. निळी दोन वायर आणि शील्डवाली केबल, 57.6 केबीपीएसला साधारण 3 किलोमीटर जाते आणि दोन्ही टोकांना 150 ओहमचा रेझिस्टर. स्पीड 230.4 केला तर लांबी साडेसातशे मीटरच्या आसपास येते आणि रेझिस्टर 82 ओहमचा लागतो. ड्रायव्हरमध्ये स्पीड बदलणं एका क्लिकचं काम आहे पण रेझिस्टर जाऊन बदलावा लागतो, आणि ते राहिलं की आरएसहूमध्ये (आरएसलिंक्सच्या नोड दाखवणाऱ्या खिडकीत) नोड येतात जातात, लाल फुली पडते, आणि सगळे ड्रायव्हरला दोष देत बसतात.

मधल्या काळात जनरल मोटर्सनेच सगळ्यांना एका भाषेत आणायचा मोठा प्रयत्न केला, मॅप नावाचा, टोकन बसवर चालणारा. महाग पडला, अवघड पडला, मागे पडला. नंतर फील्डबसचं (मशीनवरची उपकरणं जोडणाऱ्या नेटवर्कचं) एकच आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड करायला आयईसी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेत वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि शेवटी आयईसी 61158 मध्ये आठ वेगवेगळे प्रकार एकत्र घालून विषय मिटवला. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या तडजोडीची किंमत प्लांटमधला माणूस भरतोय. आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, वाळूज, सातपूर कुठेही बघा, जर्मन मशीन आलं की प्रोफिबस, अमेरिकन आलं की ऍलन-ब्रॅडली, आणि युटिलिटीचे मीटर सगळे मॉडबस, आणि हे सगळं एका स्काडावर दाखवायचं.

आता कॉम्प्युटरची बाजू. विंडोजवर स्काडा आलं तेव्हा प्रत्येक स्काडा कंपनीला प्रत्येक पीएलसीसाठी वेगळा ड्रायव्हर लिहावा लागायचा. वंडरवेअर इनटच हे स्काडा डीडीईवर, म्हणजे विंडोजमधल्या प्रोग्रामनी एकमेकांना डेटा द्यायच्या जुन्या पद्धतीवर, चालायचं, आरएसलिंक्समध्ये डीडीई/ओपीसी टॉपिक कॉन्फिगरेशन हा मेनू अजून त्याच नावाने आहे. वर कॉम पोर्ट एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला मिळणार, स्काडा चालू असेल तर लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) बघता यायची नाही. आरएसलिंक्सचा खरा उपयोग इथे झाला, पोर्ट त्याने धरायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून डेटा घ्यायचा.

1996 मध्ये ओपीसी आलं. फिशर-रोझमाउंट, रॉकवेल सॉफ्टवेअर, इंटेल्यूशन, ऑप्टो 22 वगैरे कंपन्या एकत्र बसल्या आणि ठरवलं की पीएलसीकडचा भाग काहीही असो, स्काडाकडे तोंड एकच असेल. कल्पना शंभर टक्के बरोबर. फक्त ते मायक्रोसॉफ्टच्या कॉम (हा कॉम पोर्ट नव्हे, प्रोग्राम जोडायचं तंत्र) आणि दोन कॉम्प्युटरमध्ये चालणाऱ्या त्याच्याच डीकॉमवर उभं केलं आणि दोन कॉम्प्युटरमध्ये ओपीसी चालवायचं म्हणजे दोन्हीकडे तोच युजर तोच पासवर्ड, डीकॉमसीएनएफजी उघडून परवानग्या, पोर्ट 135 आणि त्यानंतर कुठलाही पोर्ट. 2004 मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला, फायरवॉल आणि डीकॉमचे नियम कडक झाले, आणि चालू असलेली कनेक्शन तुटली. मार्च 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने डीकॉमची वाढीव सुरक्षा कायमची सक्तीची केली आणि जुन्या ओपीसीवर चालणाऱ्यांना परत तेच सोसावं लागलं.

इथरनेटवर आल्यावर तरी सोपं झालं का, तर अर्धं. आरएसलिंक्समध्ये इथरनेटचे दोन ड्रायव्हर दिसतात, इथरनेट डिव्हायसेस आणि इथरनेट/आयपी, आणि कुठला घ्यायचा हे सगळे विचारतात. इथरनेटवाले पीएलसी-5 आले तेव्हा इथरनेट/आयपी नव्हतंच, ते पोर्ट 2222 वर जुन्याच पद्धतीने बोलायचे. नंतर इथरनेट/आयपी आलं, पोर्ट 44818, आणि ते ब्रॉडकास्ट करून समोर कोण आहे ते स्वतः शोधतं. म्हणून पहिल्यात आयपी हाताने टाकायचे आणि दुसऱ्यात ते आपोआप दिसतात, पण ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही, त्यामुळे दुसऱ्या सबनेटमधला कंट्रोलर पिंग होतो तरी यादीत येत नाही, तिथे पहिलाच ड्रायव्हर घ्या.

पत्त्यानंतर 1,0 असं जे लिहावं लागतं त्याचंही कारण आहे. कंट्रोललॉजिक्समध्ये (ऍलन-ब्रॅडलीचा रॅकवाला पीएलसी) बहुतेक वेळा आयपी असतो कम्युनिकेशन कार्डला, प्रोसेसर बाजूच्या स्लॉटमध्ये, म्हणून 1 म्हणजे बॅकप्लेनवर (रॅकमधली कार्डं जोडणाऱ्या मागच्या पट्टीवर) जा आणि 0 म्हणजे स्लॉट शून्य. प्रोसेसर स्लॉट तीनमध्ये असेल तर 1,3. त्याच रॅकमध्ये डीएचआरआयओ (डीएच प्लसला जोडणारं) कार्ड बसवलं की इथरनेटवरून बॅकप्लेन, तिथून चॅनल ए, तिथून डीएच प्लस आणि पलीकडे जुना पीएलसी-5 असा सरळ रस्ता मिळतो. पीएलसी-5 ची विक्री 2017 मध्ये थांबली तरी चालू असलेल्या लाईन कोणी थांबवत नाही. मात्र कंट्रोलरकडून मेसेज टाकून डीएच प्लसच्या एका जाळ्यातून दुसऱ्यात जायचं असेल तर कार्डाच्या राउटिंग टेबलमध्ये प्रत्येक जाळ्याला वेगळा लिंक आयडी द्यावा लागतो. दोन जाळ्यांना एकच नंबर दिला की मेसेजला कुठे जायचं तेच कळत नाही.

या सगळ्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये एक प्रश्न कोणी विचारला नव्हता, तू आहेस कोण. वायर कारखान्याच्या भिंतीच्या आत होती, म्हणून गरज वाटली नाही. 2010 मध्ये स्टक्सनेट हा व्हायरस उघडकीला आला तेव्हा त्याने नेमका हाच भाग पकडला होता, सीमेन्सच्या स्टेप 7 या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरची पीएलसीशी बोलणारी डीएलएल फाईलच बदलून टाकली आणि इंजिनिअरला कॉम्प्युटरवर सगळा प्रोग्राम ठीक दिसत राहिला.

ओपीसी यूए ही ओपीसीचीच पुढची पिढी, डीकॉम सोडून नव्याने लिहिलेली, त्यात सर्टिफिकेट आहेत, आणि ड्रायव्हरच्या खिडकीत सिक्युरिटी पॉलिसी हा नवीन रकाना आला. पहिल्यांदा कनेक्ट करताना क्लायंटचं सर्टिफिकेट सर्व्हरच्या नाकारलेल्या यादीत जाऊन पडतं, तिथून ते हाताने ट्रस्टेडमध्ये हलवावं लागतं. कंटाळून लोक पॉलिसी नन करून टाकतात, कृपया करू नका. आणि सर्टिफिकेट हलवूनही कनेक्शन होत नसेल तर कंट्रोलरचं घड्याळ बघा, बॅटरी गेलेली असते, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते आणि त्या तारखेला तुमचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं.