केबलच्या बिलातून चालणारी गावाची वाहिनी: पैसा कसा येतो, अर्ज कुणी आणि कसा करायचा

अमेरिकेत तुमच्या घरी केबल असेल, तर या महिन्याचं बिल काढून कर आणि शुल्कांचा भाग बघा. तिथे बहुतेक वेळा ‘फ्रँचाइझ फी’ अशी एक ओळ सापडते. काही शहरांत तिच्या जोडीला ‘पेग फी’ म्हणून आणखी थोडे पैसे लावलेले असतात. सिटी कौन्सिलच्या सभेचं थेट प्रक्षेपण, स्कूल बोर्डाच्या बैठका आणि कुणाही रहिवाशाला आपला कार्यक्रम करता येईल असा स्टुडिओ, हे सगळं बऱ्याच गावांत मुख्यतः या पैशांवर चालतं. पेग म्हणजे पब्लिक, एज्युकेशनल आणि गव्हर्न्मेंट अशा तीन प्रकारच्या वाहिन्या. आपली मंडळी ही फी वर्षानुवर्षं भरतात, पण त्यातून उभ्या राहिलेल्या स्टुडिओची पायरी फार थोडे चढतात. याची खंत वाटते, म्हणून ही माहिती जरा सविस्तर.

पैशाचं मूळ

केबल कंपनीला तारा टाकायला शहराचे रस्ते आणि सार्वजनिक जागा वापराव्या लागतात. त्या वापराची परवानगी देणारा करार म्हणजे फ्रँचाइझ, आणि त्या बदल्यात कंपनी शहराला जे देते, ती फ्रँचाइझ फी. १९८४ च्या केबल कायद्याने तिला कमाल मर्यादा घातली: केबल सेवेतून १२ महिन्यांत येणाऱ्या एकूण महसुलाच्या ५ टक्के. याच कायद्याने करारात पेग वाहिन्यांसाठी जागा मागण्याची मुभा शहरांना दिली. त्याआधी १९७२ मध्ये एफसीसीने, म्हणजे दळणवळणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाने, मोठ्या शंभर बाजारपेठांतल्या केबल कंपन्यांवर अशा वाहिन्यांची सक्ती केली होती. सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये ती मोडीत काढली. म्हणजे वॉशिंग्टनकडून आज सक्ती नाही. शहराने किंवा राज्याने मागितलं तर मिळतं, गप्प बसलं तर नाही.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. ५ टक्के फी आली म्हणजे ती टीव्हीवरच खर्च होते, असं नाही. बहुतेक शहरांत ती सर्वसाधारण निधीत जमा होते आणि रस्ते, पोलीस, वाचनालयं यांच्या खर्चात मिसळते. वाहिनीला त्यातला किती वाटा द्यायचा, हे कौन्सिल दरवर्षी बजेटमध्ये ठरवतं. ‘आपल्या गावाला फी किती मिळते’ एवढ्यावर थांबू नका. ‘त्यातले वाहिनीला किती जातात’ हेही विचारा.

पेग फीचा हिशेब वेगळा. कायद्यानुसार पेगच्या सुविधांसाठी करारात ठरलेला भांडवली खर्च ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर राहतो. या पैशातून कॅमेरे, संकलनाची यंत्रं, प्रक्षेपणाची गाडी घेता येते, स्टुडिओ बांधता येतो. पगार, भाडं, वीजबिल मात्र त्यातून सहसा भागवता येत नाही. नवेकोरे कॅमेरे कपाटात आणि ते चालवायला माणूस नाही, अशी काही केंद्रांची स्थिती दिसते ती यामुळेच.

२०१९ मध्ये एफसीसीने आणखी एक पेच घातला. करारानुसार कंपनी शहराला वस्तू किंवा सेवेच्या रूपात जे देते, त्यातल्या बहुतेक गोष्टींची किंमतही ५ टक्क्यांत धरावी, असा आदेश निघाला. शहरं कोर्टात गेली. सहाव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाने, २०२१ मध्ये आदेशाचा हा गाभा कायम ठेवला, पण किंमत बाजारभावाने न लावता ती सेवा देताना कंपनीला प्रत्यक्ष येणाऱ्या वाढीव खर्चाएवढीच धरायला सांगितलं. तेवढाच शहरांना दिलासा.

राज्य बदललं की नियम बदलतो

कॅलिफोर्नियात २००६ च्या कायद्यानंतर नवीन फ्रँचाइझ राज्याचं पब्लिक युटिलिटीज कमिशन देतं. शहराला ५ टक्क्यांपर्यंत फी मिळते, शिवाय स्वतःचा वटहुकूम (ऑर्डिनन्स, म्हणजे शहराचा स्थानिक कायदा) करून साधारणपणे महसुलाच्या १ टक्क्यापर्यंत पेग फी लावता येते. राज्याच्या फ्रँचाइझची मुदत संपली की हा वटहुकूमही संपतो, तो पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो. शहर विसरलं, तर वसुलीचा आधारच जातो. मॅसॅच्युसेट्समध्ये अजून गाव स्वतः करार करतं, आणि ज्या गावांनी राज्याच्या कायद्यातली तरतूद स्वीकारली आहे तिथे हा पैसा वेगळ्या पेग निधीत ठेवतात. व्हरमाँटमध्ये राज्याने नेमलेल्या संस्थांना केबल कंपन्या थेट पैसे देतात. माझ्या मते वेगळा निधी ही सगळ्यांत चांगली पद्धत, कारण हिशेब एका जागी दिसतो आणि नागरिकाला तो वाचता येतो.

आटत चाललेली धार

एक काल्पनिक गाव घ्या. १०,००० केबल ग्राहक, महिन्याला टीव्हीचं बिल सरासरी ९० डॉलर. वर्षाचा महसूल १ कोटी ८ लाख डॉलर, ५ टक्के फी ५ लाख ४० हजार. ग्राहक ६,००० वर आले की फी ३ लाख २४ हजारांवर येते. त्याच तारेतून येणाऱ्या इंटरनेटचं बिल या हिशेबात धरत नाहीत. उपग्रह टीव्हीला १९९६ च्या कायद्याने स्थानिक करांतून सूट दिली. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांकडून फी मागायला गेलेल्या शहरांना टेनेसी आणि ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयांनी २०२२ मध्ये नकार दिला. केबल तोडणाऱ्या प्रत्येक घरामागे गावाच्या वाहिनीचं उत्पन्न असं कमी होत जातं.

कार्यक्रम कोण करू शकतं, कागदपत्रं कोणती

नियम प्रत्येक केंद्राचे आपापले असतात, पण साचा बराचसा सारखा. त्या गावात राहणारी, नोकरी करणारी किंवा शिकणारी व्यक्ती पात्र असते. गावात काम करणारी ना-नफा संस्थाही. नागरिकत्व सहसा विचारत नाहीत, पत्ता विचारतात. त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनी ‘हे आपल्यासाठी नाही’ असं समजून मागे राहू नये. काम बिनपगारी, हौसेचं असतं, फक्त केंद्राचे नियम आधी वाचून घ्या.

फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे वीजबिल किंवा भाडेकरार, एवढ्यावर व्यक्तीचं सभासदत्व होतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही लागते. मराठी मंडळाच्या नावाने अर्ज करत असाल तर आयआरएसचं (केंद्रीय कर खात्याचं) ५०१(सी)(३) पत्र, म्हणजे ना-नफा संस्था असल्याची करमाफीची मान्यता, कार्यकारिणीचा ठराव आणि जबाबदार व्यक्तीचं नाव जोडा. त्यानंतर ओळखवर्ग आणि उपकरणांचं प्रशिक्षण. ते पूर्ण झाल्याशिवाय कॅमेरा हातात देत नाहीत. कार्यक्रम देताना त्यात जाहिरात नाही आणि मजकुराची जबाबदारी तुमची, अशा जबाबदारीपत्रावर सही होते. ‘अमुक दुकानाच्या सहकार्याने’ एवढा उल्लेख बहुधा चालतो. भाव आणि ‘आजच या’ चालत नाही.

आपला अर्ज अडतो तो गाण्यांपाशी. गणेशोत्सवाच्या चित्रफितीत मागे एखादं चित्रपटगीत वाजत असतं, एकांकिकेत मधेच नाट्यगीत येतं, आणि परवानगी कुणाकडेच नसते. नाटक असेल तर लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्या. गाण्याचे शब्द-चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात, एकाची परवानगी दुसऱ्याला पुरत नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुनी पारंपरिक आरती किंवा अभंग आपल्याच माणसांनी पारंपरिक चालीवर गावा. कॅमेऱ्यात ठळक दिसणाऱ्यांच्या, आणि मुलं असतील तर पालकांच्या, संमतीपत्रांवर सह्या कार्यक्रमाच्या दारातच घ्या. नंतर पन्नास घरांचे फोन लावत बसावं लागत नाही.

खरी मागणी करायची वेळ

जिथे शहर स्वतः करार करतं, तिथे सगळ्यांत महत्त्वाचा काळ नूतनीकरणाचा. करार बऱ्याचदा १० वर्षांचे असतात. केंद्रीय कायद्यानुसार मुदत संपण्याआधी ३६ व्या महिन्यापासून सहा महिन्यांत ही प्रक्रिया सुरू करता येते, आणि गावाच्या गरजा काय आहेत हे लोकांकडून समजून घेणं हा तिचा भाग आहे. पुढच्या कितीतरी वर्षांचा पैसा इथे ठरतो. कराराची प्रत सिटी क्लार्ककडे मागा, ती सार्वजनिक कागदपत्र आहे. त्यावरची अंतिम तारीख मंडळाच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. सुनावणीला दोघे-तिघे जा आणि लेखी निवेदनही द्या, कारण नोंदीत राहतो तो कागद. त्यात मंडळाचे गावातले सभासद किती, केंद्रात कोणते कार्यक्रम केले, किती जणांनी प्रशिक्षण घेतलं आणि पुढे नेमकं काय हवं ते लिहा. ‘मराठीला स्थान द्या’ एवढं मोघम लिहिण्यापेक्षा ‘शनिवारी दुपारी स्टुडिओ उघडा ठेवण्यासाठी एका कर्मचाऱ्याचे तास’ किंवा ‘देवनागरी उपशीर्षकं चालतील असं संकलनाचं सॉफ्टवेअर’ अशी मागणी असेल, तर ती बजेटच्या एखाद्या ओळीत बसवता येते. पहिली मागणी फ्रँचाइझ फीतून भागेल, दुसरी पेग फीतून मागता येईल. निवेदनात तसं स्पष्ट नमूद करा.