८के नसला तरी पिच्चर थिएटरात लागतो

जळगाव-धुळ्याकडे अहिराणी पिच्चर करायला निघालेल्या पोरांना हमखास ऐकवलं जातं: ६के-८केचा (म्हणजे साधारण सहा-आठ हजार ठिपके रुंद चित्र टिपणारा) कॅमेरा नसेल तर थिएटरवाले पिच्चर घेतच नाहीत. हे खरं नाही. थिएटरात जातं ते डीसीपी, म्हणजे प्रदर्शनासाठीचं डिजिटल पॅकेज. ते २के (२०४८×१०८०) किंवा ४केमध्ये बनतं आणि कितीतरी पडद्यांवर आजही २केच चालतं. २०१० साली आलेल्या ॲरी अलेक्सा या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) जेमतेम २.८केचा होता, तरी जगभरच्या मोठमोठ्या सिनेमांनी तोच वापरला.

मग पैसा कशावर घालायचा? रावेर-यावलच्या केळीच्या बागेत भरदुपारी उभे राहून बघा. नट पानांच्या सावलीत, मागं पांढरंफटक ऊन. चेहरा धरला तर आभाळ जळतं, आभाळ धरलं तर चेहरा काळा. इथे उपयोगी पडते डायनॅमिक रेंज, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात धरायची कॅमेऱ्याची ताकद, आणि नंतर रंग ओढायला १०-बिट रेकॉर्डिंग: ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४. २०१८ सालच्या ब्लॅकमॅजिक पॉकेट ४केसारख्या त्यामानाने स्वस्त कॅमेऱ्यातही हे मिळतं. फक्त त्याची बॅटरी भराभर उतरते, चार-पाच जवळ ठेवा.

एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची उजेड कमी करणारी काच, मात्र विसरू नका. आयएसओ ४००, शटर १/५०, एफ २.८ ठेवलं तर आपल्याकडच्या उन्हात जवळपास आठ स्टॉप उजेड कापावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). उरलेल्या पैशांत आधी चांगला माईक घ्या. पुसट चित्र लोक चालवून घेतात, न कळणारा संवाद नाही.