फॉस्फरस फक्त हाडांसाठीच असतो का?

‘फॉस्फरसचं काम हाडं-दात मजबूत करणं, बस्स’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्य आहे. शरीरातला सुमारे 85 टक्के फॉस्फरस हाडा-दातांतच असतो. पण उरलेल्यावर पेशींचा बराच कारभार चालतो. आपण धावू लागलो की स्नायूंतल्या फॉस्फोरिलेज या प्रथिनाच्या साखळीतल्या 14व्या क्रमांकाच्या दुव्याला, म्हणजे सेरिन या अमिनो आम्लाला, फॉस्फेट (फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा गट) जोडलं जातं आणि साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) वेगाने फुटू लागतं. ग्लायकोजेन बनवणारं प्रथिन मात्र फॉस्फेट जोडलं गेलं की मंदावतं. केवढी सुरेख सोय! यीस्ट, वनस्पती, माणूस, सगळ्यांत प्रथिनांना असं फॉस्फेट जोडलं जातं.

प्रथिनाला फॉस्फेट जोडलंय का, हे पडताळता येतं. प्रथिनांचे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात मोजले की फॉस्फेटवाला तुकडा सुमारे 80 डाल्टनने (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वजनाचं एकक) जड भरतो. मग फॉस्फेट काढून टाकणारं फॉस्फेटेज हे विकर घालून पुन्हा मोजायचं. तेवढंच वजन उतरलं, तर ते फॉस्फेटच होतं.