कंट्री संगीत नेमकं कोणाच्या गावचं?

१७ सप्टेंबर हा हँक विल्यम्सचा जन्मदिवस. १९२३ साली अमेरिकेतल्या अलाबामात जन्मलेल्या या कंट्री गायकाने तिशीही गाठली नाही. १ जानेवारी १९५३ रोजी, कार्यक्रमाला जाता जाता, गाडीच्या मागच्या सीटवरच तो गेला. त्याच्या जन्मदिवशी आता आंतरराष्ट्रीय कंट्री संगीत दिन साजरा होतो. कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं संगीत, म्हटलं की हॅट, गिटार आणि गोरा काउबॉय डोळ्यांपुढे येतो. त्यातला काउबॉय बराचसा नंतर चिकटवलेला आहे, आणि ‘गोरा’ हे तर अर्धसत्यच.

१९२७ च्या जुलैअखेर रॅल्फ पीअर हा व्हिक्टर या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन ब्रिस्टलला उतरला. हे गाव असं की टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा त्याच्या मुख्य रस्त्यामधूनच जाते. हॅट आणि हातमोजे बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या इमारतीत भिंतींवर घोंगड्या टांगून स्टुडिओ उभा राहिला. एका गाण्याला ५० डॉलर मिळतात हे कळल्यावर डोंगरातून माणसं येऊ लागली. त्यांत कार्टर कुटुंब होतं; गिटार वाजवणाऱ्या मेबेलचे दिवस भरत आले होते. आणि होता जिमी रॉजर्स, रेल्वेत ब्रेकमन म्हणून राबलेला, क्षयाने पोखरलेला. आदल्या रात्री त्याचं साथीदारांशी फाटलं होतं, म्हणून तो एकटाच गायला. ग्रामीण गाण्यांची ध्वनिमुद्रणं त्याआधीही झाली होती, पण कंट्रीचा जन्म लोक याच दोन आठवड्यांत धरतात.

त्या काळी कंपन्यांच्या याद्या वेगवेगळ्या असत. कृष्णवर्णीयांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’, गोऱ्या खेडुतांच्या ‘हिलबिली’. ही फाळणी दुकानदारीची होती, गाण्याची नव्हे. बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या हातांनी आला. सुरुवातीचे बँजो आपल्या एकतारीसारखेच, भोपळ्यावर कातडं ताणून केलेले. फिडल, म्हणजे व्हायोलिन, ब्रिटिश बेटांवरून आली, स्टील गिटार हवाईतून, आणि योडलिंग, म्हणजे आवाज झटक्यात खालून वर फिरवत गाणं, आल्प्सकडून. कार्टर कुटुंबाचा ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगर पालथे घालायचा, तेव्हा सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. चाली लक्षात ठेवायचं काम त्याचं. १९३० साली रॉजर्सच्या एका गाण्यात ट्रम्पेट वाजवली ती लुई आर्मस्ट्राँगने, पण तबकडीवर त्याचं नाव छापलं गेलं नाही.

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावरून १९२५ पासून बार्न डान्सचा, म्हणजे खेड्यातल्या नाचगाण्यांचा, कार्यक्रम लागायचा. पुढे तोच ‘ग्रँड ओल ऑप्री’ झाला. केंद्र एका विमा कंपनीचं होतं, म्हणजे गाणी ऐकवता ऐकवता पॉलिसीही खपत. माउथ ऑर्गनवर आगगाडीचा हुबेहूब आवाज काढणारा डीफर्ड बेली हा या कार्यक्रमाचा सुरुवातीचा मोठा तारा. तो कृष्णवर्णीय होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं आणि नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवून त्याने पोट भरलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं २००५ साली, तो जाऊन 23 वर्षं झाल्यावर.

रॉजर्स १९३३ मध्येच वारला. त्याच्या तबकड्या मात्र थांबल्या नाहीत. केनियातल्या किप्सिगिस लोकांपर्यंत त्या गोऱ्यांच्या ग्रामोफोनवरून पोचल्या आणि ‘जिमी रॉजर्स’चा तिथे ‘चेमिरोचा’ झाला, अर्धा माणूस आणि अर्धा हरणासारखा प्राणी. १९५० साली आफ्रिकी संगीताचा संग्राहक ह्यू ट्रेसीने तिथल्या मुलींचं या चेमिरोचावरचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. आपल्याकडे किशोरकुमारांनी योडलिंग उचललं ते भाऊ अनूपकुमार यांच्याकडच्या तबकड्या ऐकून, आणि त्यांत रॉजर्स होता, असं सांगितलं जातं.

पुढच्या पिढीत कंट्री जगभर पोचवण्याचं काम अमेरिकी गायक जिम रीव्ह्जच्या मऊ आवाजाने केलं. दक्षिण आफ्रिकेत तर तो तिथल्या आफ्रिकान्स भाषेतही गायला. १९६४ मध्ये विमान अपघातात गेला, तरी गोव्यात आणि वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळ आला की त्याची तबकडी निघायचीच. जपानमध्ये कुमामोतोच्या चार्ली नागातानीने आसो पर्वताच्या परिसरात १९८९ पासून ‘कंट्री गोल्ड’ महोत्सव भरवला. ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थचा महोत्सव १९७३ पासूनचा. डेहराडूनचा कंट्री गायक बॉबी कॅश यानेही तिथे हजेरी लावली आहे.

अमेरिकेत मात्र जुन्या याद्या अजून पुरत्या मिटलेल्या नाहीत. २०१९ साली लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय गायकाचं ‘ओल्ड टाऊन रोड’ पुरेसं कंट्री नाही म्हणून, लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढलं. तेच गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२५ मध्ये बियॉन्सेला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार, आणि त्यावरही ‘हे कंट्री आहे का’ हा वाद झालाच.