नाताळची सुट्टी आणि मांडवाची जागा

इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या, कोर्टं आणि कॉलेजं नाताळात बंद असत. वकील, मास्तर, कारकून ही सगळी मंडळी एकाच वेळी मोकळी व्हायची, आणि रेल्वेनं लांब जाऊन परत यायलाही दिवस पुरायचे. त्यामुळे ज्याला म्हणून परिषद भरवायची असे तो डिसेंबरचा शेवटचा आठवडा धरत असे. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन मुंबईत सुरू झालं ते २८ डिसेंबर १८८५ ला, आणि पुढे कित्येक वर्षं तोच आठवडा ठरून गेला. येशूच्या जन्माशी त्यातल्या बहुतेकांचं काही देणंघेणं नव्हतं. सुट्टी साहेबाची, सभा आपली.

याच सुट्टीला धरून न्यायमूर्ती रानड्यांनी १८८७ पासून सामाजिक परिषद भरवायला सुरुवात केली. काँग्रेसचं कामकाज आटपलं की त्याच मांडवात ही मंडळी विधवांचे, मुलींच्या लग्नाच्या वयाचे, जातीपातीचे प्रश्न घेऊन बसायची. १८९५ साली अधिवेशन पुण्यात आलं आणि मांडव द्यायचा की नाही यावरून शहरात रण माजलं. टिळकांच्या बाजूच्या लोकांनी कडाडून विरोध केला, मांडव जाळण्याच्या धमक्या आल्या, आणि रानड्यांनी वाद वाढवण्यापेक्षा वेगळी जागा धरली. राजकारण मांडवात राहिलं, समाजसुधारणा बाहेर गेली. भांडण पुण्याचं होतं हे खरं, पण टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. त्यामुळे आम्हा कोकणातल्या लोकांना त्यातून अंग काढून घेता येत नाही.

कोकणात या दिवसांना आणखी एक कारण होतं, भाताचं. दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग झोडणी. डिसेंबर उजाडेपर्यंत भात कणगीत पडलेलं असतं, वाल-कुळीथ पेरून झालेले असतात आणि भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, अवकाश असतो. वर्षभरात हाताला थोडी उसंत मिळते ती या दिवसांत. जत्रा म्हणूनच या काळात येतात, आणि जत्रेबरोबर दशावतार. सिंधुदुर्गात आज या गावात, उद्या त्या गावात असं करत दशावतारी मंडळी रात्री जागवत फिरतात. लिहिलेली संहिता नाही, पायपेटी, पखवाज आणि झांजेवर सगळा खेळ, लुगडं नेसून राणी होणारा पुरुष, आणि वेद पळवणारा, काळ्या वेषातला संकासुर. हा संकासुर मालवणीतून कुणाचीही टर उडवतो आणि भटजीची तर हमखास. देवळाच्या अंगणात, देवाच्या समोर, भटजीवर हसायची मुभा देणारी ही करमणूक मला फार आवडते. पण ती बघताना एक विसरता येत नाही. हसायची मुभा सगळ्यांना होती, पायरी चढायची नव्हती. गावरहाटीत कुणाचा मान कोणता आणि कुणी कुठवर यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असे, आणि संकासुराच्या विनोदानं त्यातली एक पायरीही हलली नाही.

ती हलली रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे मंडळात झाला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत तो उचललाही. कागदावर तळं खुलं, प्रत्यक्षात एकाचीही ओंजळ भरलेली नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेला जमलेल्या हजारो लोकांनी डॉ. आंबेडकरांबरोबर चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. जेवायला बसलेल्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळलं गेलं. मग १०८ घागरी पाणी उपसून, दूध, दही, शेण, गोमूत्र घालून तळं ‘शुद्ध’ झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावही मागे घेतला.

तळ्याचं पाणी पुन्हा घेण्याच्या सत्याग्रहासाठी दुसरी परिषद ठरली ती २५ डिसेंबरला. हेच दिवस निवडण्यामागे मुंबईच्या कचेऱ्यांची सुट्टी आणि कोकणातल्या शेतकऱ्याची उसंत या दोन्ही गोष्टी असणार, हे तारखेकडे पाहिलं तरी कळतं. पण मांडवाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. महाडच्या हिंदूंपैकी कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. मुंबईची मंडळी धरमतरला उतरून पुढे मोटारीनं यायची, तर मोटारवाले बसू देतील याची खात्री नव्हती. म्हणून आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीनं निघाले आणि सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरले. तिथून महाड पाच मैल. ते चालत गेले.

इकडे १४ डिसेंबरलाच विरोधकांनी तळं खाजगी असल्याचा दावा लावून कोर्टाकडून मनाई मिळवली होती. जवळपास चार हजार लोकांनी तुरुंगात जायला नावं नोंदवली होती, पण कोर्टाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करावा असं आंबेडकरांनी सांगितलं. आधी लोकांना ते पटलं नाही. शेवटी २७ तारखेला तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली गेली. तळं खुलं करणारा हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. मात्र २५ च्या रात्री जे झालं त्याला कुणाची मनाई नव्हती. मांडवासमोर खोदलेल्या लहानशा खड्ड्यात चंदनाचे तुकडे रचून मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. आंबेडकरांनी या सभेची तुलना १७८९ च्या व्हर्सायमधल्या फ्रेंच सभेशी केली होती.

या चार दिवसांतली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट दहनाची नाही, लुगड्याची आहे. २७ ला आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले. कोकणात राबणाऱ्या बाईचं लुगडं गुडघ्यावर खोचलेलं असायचं, चिखलात आणि बांधावर तेच सोयीचं. पण जातीनं ही सोय राहू दिली नव्हती, तिची सक्ती केली होती. लुगडं किती खाली यावं, दागिना कुठल्या धातूचा असावा, याचे नियम होते, आणि लांबून पाहूनच बाईची जात कळावी हा त्यांचा हेतू होता. आंबेडकरांनी सांगितलं ते साधंच होतं. इतर बायका नेसतात तसं नेसा, गळाभर आणि कोपरापर्यंतचे जड दागिने उतरवा, फाटकं असलं तरी स्वच्छ ठेवा, मेलेल्या जनावराचं मांस घरात आणू देऊ नका, मुलींना शिकवा. दुसऱ्याच दिवशी कित्येकजणी घोळदार लुगडं पायघोळ नेसून आल्या. नेसवायला आंबेडकरांचे सहकारी चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायकांनी मदत केली असं वाचायला मिळतं. फॅशन हा उथळ विषय आहे असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा नीट वाचावा. एका रात्रीत बदललेली ती नेसण्याची तऱ्हा कोर्टाच्या मनाईच्या आवाक्यात येत नव्हती.

थंडीतली ही रीत पुढेही चालली. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत उतरले आणि खोती, म्हणजे खोतांची सारावसुलीची जमीनदारी, रद्द करा म्हणत कौन्सिल हॉलवर मोर्चानं गेले. भात घरात आलेलं, म्हणून जाता आलं. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा.

आता शाळेकडे येतो. दापोली तालुक्यातलं पालगड हे साने गुरुजींचं जन्मगाव, आणि जन्मतारीख २४ डिसेंबर १८९९. आमच्या शाळेत सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी गुरुजींची जयंती व्हायची, आईवर भाषणं व्हायची, दोन मुली हमखास रडायच्या. ‘श्यामची आई’ सगळ्यांना पाठ. १९५३ च्या आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हेही पाठ. पण याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, ते भाषणात कधी आलं नाही. सुट्टी ज्या तारखेला सुरू व्हायची त्याच तारखेला शेजारच्या तालुक्यापलीकडे महाडात काय घडलं होतं, तेही नाही. रडवणारे गुरुजी चालत होते, उपाशी बसणारे अडचणीचे होते. आमच्या पिढीतल्या बऱ्याचजणांना चवदार तळं प्रथम दिसलं ते जब्बार पटेलांच्या चित्रपटात, मामुट्टींच्या रूपात. बौद्धवाडीतल्या मित्रांना मात्र ते कॅसेटवरच्या भीमगीतांतून तोंडपाठ होतं. एकाच गावात दोन वेगळे डिसेंबर होते.

ज्यांचा हा खरा सण, ते कोकणी ख्रिस्ती या सगळ्या हिशेबात बाजूलाच राहतात. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली तरी घराघरांत पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते आणि नाताळची प्रार्थना डोंगराखालच्या चर्चमध्ये होते. वसईत गव्हाणी सजतात, आणि तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी १९८० च्या दशकाअखेर हरित वसईचा लढा उभा करून पाणी आणि जमीन हे धर्मगुरूचे विषय आहेत हे दाखवलं. मराठी टीव्हीवरच्या नाताळात मात्र लाल टोपी, कृत्रिम बर्फ आणि इंग्रजी गाणं. वसईची वाडवळी किंवा कुपारी बोली त्यात सापडणार नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि हा आठवडा परिषदांचा होता हे विसरायला वेळ लागला नाही. आता काशीद, मुरूड, तारकर्लीला डिसेंबरअखेर पाय ठेवायला जागा नसते. त्यावर नाक मुरडण्याचं मला कारण दिसत नाही. होमस्टेच्या स्वयंपाकघरात घावणे घालणाऱ्या बाईला या दहा दिवसांत जे मिळतं त्यावर घराची कौलं बदलली जातात. किनाऱ्यावरचा मांडव आता डीजेचा आहे, एवढाच फरक. जागेला नाही कुणी म्हणत नाही, कारण भाडं मिळतं.

महाडात २५ डिसेंबरला क्रांतिस्तंभाजवळ माणसं जमतात ती आजही. १९९० च्या दशकापासून दलित स्त्रियांच्या संघटनांनी हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून साजरा करायला सुरुवात केली, त्यामुळे बायकांची गर्दी जास्त. गोव्याकडे निघालेल्या गाड्या त्याच सुमाराला शहराबाहेरच्या महामार्गावर खोळंबलेल्या असतात.

२०२७ मध्ये दहनाला शंभर वर्षं होतात, आणि त्या वर्षी २५ डिसेंबर शनिवारी येतो. म्हणजे शुक्रवारी रात्रीच मुंबई-पुण्याहून गाड्या सुटणार, किनाऱ्यावरच्या खोल्या कधीच्या भरलेल्या असणार, आणि त्याच रस्त्यानं एसटी आणि टेम्पोंतून महाडला येणाऱ्या बायांना रात्री टेकायला छप्पर, प्यायला पाणी आणि शौचालय लागणार. हे मांडव कुणाच्या जागेत आणि कुणाच्या खर्चानं पडणार, ते नगरपालिकेच्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातच दिसायला हवं.